आसरा घरी आल्या

माझी रेणुका लहानपणी सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी सपान सांगायची. "माय, आज बाया आल्त्या." बाया म्हणजे साती आसरा. आमच्या शहागडला गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत न्हाई, गंगाच म्हणतात. तिच्या डोहात सात बहिणी राहतात हे शेंबड्या पोराला बी ठाऊक असतं. तर ह्या बाया हिच्या सपनात यायच्या. वल्ल्या लुगड्यानं खडकावर बसायच्या, केस सुकवायच्या, हिच्यासंगं गजगे, म्हणजे सागरगोटे, खेळायच्या. त्यातली एक म्हणे लई चिडकी होती, हरली की गजगे पाण्यात भिरकावून द्यायची. "बराबर तुझ्यावाणी आहे ती, माय," असं कार्टी माझ्या तोंडावर म्हणायची.

मी चिडकी आहे, त्यात काय लपवायचं? हायवेला चहा-भज्याचं हाटेल चालवायचं म्हणजे जिभेला धार लागतेच. माझ्या नवऱ्याचं नाव कारभारी, पण कारभार सगळा माझ्याकडं. ते आपले भट्टीजवळ बसून भजे तळतात अन ट्रकवाल्यांशी इकडच्या तिकडच्या गप्पा हाणतात. पैसे बुडवून पळणाऱ्याच्या मागं पुलापर्यंत धावते ती ही इंद्रायणी.

आम्ही मूळचे मेंढरंवाले. माझा बाप मेंढरं पाण्यावर न्यायचा तेव्हा काठावर थांबून हाक द्यायचा, "बायांनो, येऊ का?" जवाब थोडाच येतो! पण इचारायचं, थोडं थांबायचं, मंग पाण्यात पाय टाकायचा. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण कडी वाजवतो न, तसंच ते. वर्सातून एकदा दहीभाताचा निवद, हिरवा खण, बांगड्या. अन मेंढरू दगावलं की हाच माझा बाप काठावर उभा राहून त्यांना शिव्या घालायचा. "भात खायला बराबर येता, अन लक्ष ठेवायला काय होतं गं तुम्हाला?" दुसऱ्या दिवशी पुन्हा आपलं, "बायांनो, येऊ का?" मी देवाशी असंच वागायला शिकले. भ्यायचं असतं हे मला कुणी शिकवलंच न्हाई.

ह्या मार्गशीर्षात रेणुका बाळंतपणाला आली. सासर टेंभुर्णीचं. जावई गोरक्षनाथ स्वतः आणून सोडून गेला. चांगला पोरगा आहे, बोलतो कमी. गेल्या साली हिचं पहिलं पोट पाचव्या महिन्यात खाली झाल्तं, म्हणून ह्या बारीला सगळेच जपून राह्यले होते. निघताना गाडीला किक मारता मारता तो थांबला अन म्हणला, "मामी, ही झोपतच न्हाई हो."

मला वाटलं, सातवा महिना आहे, होतं असं. कुशीवर वळता येत न्हाई, पोर लाथा मारतं. मी सकाळी इचारलं, "काय गं, काय सपान पडलं?" तर म्हणली, "झोपलेच न्हाई." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. डोळ्याखाली काळं झालं, पाय सुजले. जेवायला वाढलं तर घास हातात धरून बसायची, जणू कुणी दुसरंच जेवून राह्यलं अन ही नुसती पाहून राह्यली. अंबडला दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईनं बीपी पाह्यला, पुन्हा पाह्यला, अन मला बाजूला घेऊन म्हणली, "मावशी, गोळ्या देते. पण हिची झोप झाली पाहिजे. बीपी असाच वाढला तर बाळ आत्ताच काढावं लागंल, अन ते लई लहान आहे अजून."

एक गेलं. आता हे बी जायचं का? अन लेक? लेकीचं काय? गाडीत परत येताना मी तिचा हात धरून बसले, तर तिच्या मुठीत काहीतरी टोचलं. मूठ उघडायला लावली. लोखंडाचा खिळा होता.

"हे काय गं?"

तिनं मूठ मिटली अन खिडकीबाहेर पाहत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुई इतकी पडल्ती की रस्त्यावरचे ट्रक दिसत नव्हते, नुसते दिवे तरंगत येऊन राह्यले होते. आमचं घर हाटेलाच्या मागंच. मी चहाचं पातेलं चढवून आले तर रेणुका ओट्यावर बसलेली, अंगावर गोधडी, डोळे सताड उघडे. त्या धुईत मला घडीभर ती माझी लेक वाटलीच न्हाई. कुणीतरी लांबून चालत आलेली अन दमून टेकलेली बाई वाटली. मी जवळ बसले. हातात फोन होता, आवाज बारीक केलेला. त्यात कुणीतरी बाप्या घोगऱ्या आवाजात बोलून राह्यला होता.

"कामून झोपत न्हाईस, रेणू? मला सांग. मी वरडणार न्हाई."

"तू वरडणार."

"बरं, वरडीन. पण सांग."

मंग तिनं सांगितलं. पोट खाली झाल्यावर ती घरात पडून होती तेव्हा कुठंतरी हा माणूस फोनवर निघाला. कपाळभर शेंदूर, डोळ्यात काजळ, मागं ढगांचा गडगडाट. त्यानं सांगितलं की सपनात पाण्यातल्या बाया दिसणं म्हणजे त्यांची नजर कुशीवर आहे. लहानपणापासून दिसत असतील तर त्यांनी ती पोरगी राखूनच ठेवलेली आहे. झोप लागली की त्या येतात. पोर मागतात. लोखंड जवळ ठेवा, पाण्याकडं पाहू नका, अन गर्भारपणी शक्यतो झोपूच नका.

"अन तू ते ऐकलंस?"

"माय, मला त्या खरंच दिसतात की. त्याला कसं कळलं?"

मी आधीच सांगितलं होतं वरडणार म्हणून, अन वरडले. "मुडदा बशिवला त्याचा! साती आसरा काय पोरं पळवणाऱ्या टोळीतल्या आहेत का? ह्या मेल्याला कुणी सांगितलं? कुठल्या काठावर जन्मला हा?" आमचे हे भट्टीवरून धावत आले, हातात झारा तसाच. मी म्हणलं, "दाखव मला तो. दाखव, कसा दिसतो ते बघते."

तिनं दाखवलं. गडगडाट झाला, मंग नदीचा काठ आला. काळं पाणी, अन काठावर सात दगड. "मराठवाड्यातल्या एका नदीकाठी," तो म्हणून राह्यला होता, "हजार वर्सांपासूनचे हे शापित दगड..."

मी फोन हिसकून घेतला. मधल्या दगडाला पांढरी शीर होती. शेवटच्या दगडाला हिरवा कपडा गुंडाळलेला, त्याच्या काठावर पोपट. माझ्याच लुगड्याचा फाडलेला तुकडा होता तो! मला एकदम हसूच फुटलं. "अगं बया! हजार वर्सं? रेणू, हे मी मांडलेत! तुझ्या लग्नाच्या साली पूर आल्ता न, जुने दगड वाहून गेल्ते. मी स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून, डोळे मिटून, पायाला जे लागले ते सात काढले अन मांडले. मागं दोघं मोटारसायकलवाले काठाचे फोटो काढून गेल्ते न, तेच हे असणार! माझ्याच हाटेलात चहा पेऊन गेले भाडखाऊ. हा बघ माझा पोपट. सगळं झूट आहे, बिलकुल झूट. झालं आता? झोप पोरी निवांत."

मला वाटलं, जिंकले मी. पण रेणुका माझ्याकडं अशी पाहून राह्यली होती की माझं हसू तोंडातच वाळलं.

"तू मांडलेस?"

"मी नव्हं तर कोण?"

"तू दुसरा भाग पाह्यला न्हाईस," ती म्हणली. आवाज इतका हळू की धुईतून आल्यावाणी. "तो म्हणतो, जी बाई दगड मांडते, तिच्या घरातलं पहिलं नातवंड त्या घेतात. अन मंग एकावर थांबत न्हाईत." ती ओट्यावरून सरकली, माझ्यापासून लांब. "माय, तूच बोलावलंस त्यांना."

माझी लेक मला भिली. चुलीच्या जाळाला, इंचू-सापाला, कशालाच न भिणारी माझी लेक, अन मला भिली. ती आत जाऊन पिशवी भरायला लागली. म्हणली, गोरक्षनाथला फोन करते, मला इथं ऱ्हायचं न्हाई, इथं पाणी जवळ आहे. मंग पिशवी तशीच सोडून भिंतीला टेकली अन म्हणली, "तू ते दगड उचलून फेकून दे, मंग मी राहते."

"फेकते," मी म्हणलं.

दुपारी गेले. धुई विरली होती पण उजेड अजून दुधावाणीच होता, ऊन कुठून पडून राह्यलं ते कळत नव्हतं. गंगा इतकी निवांत होती की पलीकडचा काठ पाण्यावर अलगद ठेवल्यासारखा दिसत होता. पुलावरच्या ट्रकांचा आवाज कुठल्यातरी दुसऱ्या गावातून यावा तसा येत होता. जन्मात पहिल्यांदा मी काठावर थांबले न्हाई, इचारलं न्हाई, तशीच काठच्या पाण्यात घुसले. दगड तिथं अर्धे पाण्यात, अर्धे वर.

"काय गं सटव्यांनो," मी म्हणलं, "तुमच्यापायी माझी लेक मला भिऊन राह्यली. तुम्हाला जागा दिली, लुगडं फाडून दिलं, दर साली भात खाऊ घातला. अन तुमचं नाव घेऊन एक टिनपाट माणूस माझ्या पोरीची झोप खाऊन राह्यला, तर तुम्हाला काहीच करता येत न्हाई?" असं लई बोलले. मी पांढऱ्या शिरेचा दगड उचलला. त्याच्यावर ताजी हळद होती. कुणीतरी सकाळीच येऊन गेल्ती, हिरव्या बांगड्या ठेवून गेल्ती. दगडाचा वरचा भाग उन्हानं कोमट झाल्ता. मी हात मागं नेला फेकायला.

अन तसाच राह्यला हात. मला एकाएकी दिसलं की हा फेकला तर काय होईल. आज ती दगडाला भिऊन राह्यली. दगड गेला की नदीला भिईल. टेंभुर्णीला गेली की हिरीला, हिरीवरून हंड्याला, हंड्यावरून पेल्यातल्या पाण्याला. तो फोनवाला तिसरा भाग काढणारच होता. आणि दगड नसले तर ती भांडणार कुणाशी? माझा बाप निदान शिव्या घालायला काठावर येत होता. ह्या पोरीनं तर बायांशी बोलणंच टाकलं होतं. ज्यांच्यासंगं खेळून ती मोठी झाली, त्यांची चौकशी ती एका परक्या माणसाकडं करून राह्यली होती.

मी पदर पसरला अन सातही दगड त्यात घेतले. पदर वल्ला झाला, पाणी पायावर ठिबकून राह्यलं. जड होतं, पण खरं सांगते, मला ते जड लागलं न्हाई. वाटेत सत्यशीला भेटली, शेजारची. "काय गं इंद्रायणी, काय घेऊन निघालीस?"

"पाव्हण्या," मी म्हणलं. ती तोंडाला पदर लावून पाहतच राह्यली.

हाटेलाजवळ हे उभे. "अगं, देव कुठं घेऊन आलीस? डोकं फिरलं का तुझं?"

"तुमच्या लेकीचं अन ह्यांचं भांडण आहे. होऊ द्या समोरासमोर. तुम्ही भजे पाहा, जळून राह्यलेत."

खोलीत मी गोधडी हातरली अन एकेक दगड तिच्यावर मांडला. रेणुका ओरडली. भिंतीला पाठ लावून पोटावर दोन्ही हात ठेवून उभी राह्यली. तिला तसं पाहून बी मी हटले न्हाई.

"ह्या बघ त्या. जे काय म्हणायचं ते ह्यांच्या तोंडावर म्हण. मधी तो दलाल कशाला पाहिजे? ह्यांच्यासंगं गजगे कोण खेळलं, तू का तो? ह्यांचा सोभाव कुणाला ठाऊक, तुला का त्याला?"

"माय, उचल ते."

"न्हाई उचलत. तुझं बाळ ह्यांनी घेतलं असं वाटतं न तुला? मंग इचार. आपल्यात इचारायची चाल आहे. चोर म्हणायचं तर तोंडावर म्हणावं माणसानं."

दगडांचं पाणी गोधडीत मुरून राह्यलं होतं. बाहेर कुणीतरी चहा मागत होतं, आमचे हे देत होते. मंग रेणुका खाली बसली. आधी वाटलं चक्कर आली. पण ती बोलायला लागली, अन माझ्याशी न्हाई.

"मी हाका मारल्या," ती म्हणली. "दवाखान्यात पडल्ते तेव्हा तुम्हालाच मारल्या. दुसऱ्या कुण्या देवाला मारल्या न्हाईत. तुम्ही आल्या न्हाईत. मी शुद्धीवर आले तर पोट रिकामं. त्याला फडक्यात गुंडाळून नेलं, मला दाखवलं बी न्हाई. अन सगळे म्हणले, झालं गेलं गंगेला मिळालं, ऊठ, कामाला लाग. त्याचं सुतक न्हाई, तेरावा न्हाई, त्याला नाव न्हाई. कुणी रडलं न्हाई. सासूबाई न्हाई, माय न्हाई, नवरा बी न्हाई. मी रडले तर म्हणले, रडू नको, पुढच्याला बाधतं." तिचा आवाज चढत गेला. "मला वाटलं तुम्हीच घेतलं असंल. तसं वाटलं तर बरं वाटायचं. तुमच्याजवळ तरी असंल ते! घेतलं का? सांगा न! घेतलं असंल तर सांगा, न्हाई तर कामून आल्या न्हाईत ते सांगा!"

तिनं दगडावर जोरात हात आपटला. तळहात लाल झाला. पुन्हा आपटला. मी तिला धरायला पुढं झाले, तर दारात आमचे हे उभे. त्यांनी मान हलवून मला थांबवलं. मंग ती पांढऱ्या शिरेच्या दगडावर कपाळ टेकून हुंदके द्यायला लागली, अन हुंदके देता देताच तिथंच कलंडली. खिळा मुठीतून सुटून घरंगळला. झोप लागल्ती पोरीला.

मी काय खुळी न्हाई. डॉक्टरीणबाईच्या गोळ्या बी चालू होत्या, अन इतक्या दिवसांचं जागरण कधीतरी अंगावर येणारच होतं. ते आसरांनी केलं का गोळ्यांनी, मला ठाऊक न्हाई अन मी कुणाला सांगायला बी जात न्हाई. मी एवढंच केलं, तिच्या अंगावर शाल घातली अन दगड जिथं होते तिथंच राहू दिले. दिवेलागण झाली, जेवणाची वेळ झाली, तिला उठवलं न्हाई. तिच्याजवळ बसून मला बी डुलकी लागत होती. सात बाया अन एक माझी पोर, सगळ्या एकाच गोधडीवर निजलेल्या दिसायच्या, मंग पुन्हा दगडच.

सकाळ झाली तेव्हा खोलीत बी धुई आल्यासारखी वाटत होती. रेणुकानं डोळे उघडले. तिचं तोंड निवलं होतं, सूज उतरल्यावाणी. पोटावर हात ठेवून ती छताकडं पाहत पडून राह्यली.

"बाळ हललं?" मी इचारलं.

"हलून राह्यलं." मंग म्हणली, "माय, मी डोहावर गेल्ते. सपनात."

"बरं. काय म्हणल्या बाया?"

"काय न्हाई म्हणल्या. रडून राह्यल्त्या. सातही जणी, खडकावर बसून, एकमेकींच्या गळ्यात पडून. मी म्हणलं, काय झालं गं? कोण गेलं?" तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. "माझं बाळ गेलं म्हणून रडून राह्यल्त्या, माय. माझ्या बाळासाठी."

मी तिच्याजवळ आडवी झाले, तिचं डोकं छातीशी घेतलं, अन एका सालाचं सगळं रडू मला फुटलं. मोठ्यानं रडले मी, मयतीला रडतात तसं, हेल काढून, गेलेल्याचं नाव घेऊन. नाव नव्हतं तर "बाळा रे, बाळा रे" म्हणून. रेणुका बी माझ्यासंगं रडायला लागली. हाटेलात गिऱ्हाईक होतं, भट्टी पेटलेली होती. आमचे हे आवाज ऐकून आत आले, दगडांच्या कडंला बसले, अन काही न इचारता डोक्यावरची टोपी काढून त्यांनी डोळ्याला लावली.